एवढं सगळं माहीत असूनही टीबी जात का नाही?

पोट बिघडवणारा ई. कोलाय नावाचा जंतू, खायला-प्यायला नीट मिळालं तर, साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. टीबीच्या जंतूला तेवढ्याच कामाला अठरा ते चोवीस तास लागतात. सकाळी एक असलेला ई. कोलाय सहा तासांत हिशेबाने अडीच लाखांवर गेलेला असतो. टीबीचा जंतू तोवर एकटाच. टीबीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवावी. निदानाला लागणारे आठवडे, संपता न संपणाऱ्या गोळ्या, शंभर वर्षं रखडलेली नवी लस, औषध कंपन्यांची अनास्था, या सगळ्याचा माग काढत गेलं की आपण त्या संथपणापाशी येऊन पोचतो. जंतूला कसलीच घाई नाही. घाई आहे ती रुग्णाला, कंपन्यांना, देणगीदारांना आणि सरकारांना.

आकडे सांगून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे १ कोटी ७ लाख लोकांना टीबी झाला आणि १२ लाख ३० हजार माणसं त्याने दगावली. म्हणजे रोज तीन हजारांच्या वर. आजारी पडलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतातला. आणि हा काही नवा, अनोळखी, उपाय नसलेला आजार नव्हे. जंतू माहीत आहे, औषधं आहेत, ती वेळेवर आणि पुरती घेतली तर बहुतेक जण खडखडीत बरे होतात. तरीही कोविडच्या बातम्यांनी दोन वर्षं पहिलं पान व्यापलं आणि टीबीला वर्षातून एकदा, २४ मार्चला, आतल्या पानावर चौकट मिळते. रोज मरे त्याला कोण रडे!

२४ मार्च ही तारीख १८८२ सालातली. त्या दिवशी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्यांच्या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे वाट पाहणं. इतर जंतू नळीत एक-दोन दिवसांत उगवून येतात. हा येईना. कॉख यांनी नळ्या फेकल्या नाहीत, थांबले, आणि दुसऱ्या आठवड्यात बारीक ठिपके दिसू लागले. पुढे पाचच वर्षांनी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात याच रोगाने गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कारण कळलेलं होतं, औषध नव्हतं. ते यायला आणखी सहा दशकं जावी लागली.

बेडक्याची गोष्ट

टीबीची तपासणी म्हणजे काय, हे ज्याने करून घेतली नाही त्याला फारसं माहीत नसतं. झाकणाची एक छोटी प्लास्टिकची डबी हातात देतात. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा, छातीतून खोकायचं आणि जो घट्ट बेडका येईल तो डबीत टाकायचा. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात लाजेने म्हणा, गडबडीत म्हणा, बऱ्याच डब्यांत नुसती लाळ येते आणि लाळेत जंतू सापडत नाहीत. तंत्रज्ञ डबी उजेडाकडे धरून बघतो आणि ‘ताई, ही थुंकी झाली, खोकून द्या’ म्हणून परत पाठवतो. लहान मुलांना तर बेडका काढताच येत नाही, ती गिळून टाकतात. मग सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातला द्रव काढायचा. जगातल्या सर्वांत जीवघेण्या संसर्गजन्य रोगाची तपासणी अशी एका डबीवर येऊन ठेपते.

डबी चांगली भरली तरी पुढे अडचण आहेच. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटर बेडक्यात निदान पाच-दहा हजार जंतू लागतात. त्याहून कमी असतील तर अहवाल ‘निगेटिव्ह’. जंतू वाढवून बघावा, म्हणजे कल्चर करावं, तर पुन्हा त्याचा तो संथपणा आडवा येतो: द्रव माध्यमातही ‘काहीच उगवलं नाही’ असं ठामपणे म्हणायला सहा आठवडे थांबावं लागतं. मग कोणतं औषध लागू पडेल ते तपासायचं. तोवर रुग्ण घरी, लोकलमध्ये, कारखान्यात खोकतच असतो.

इथे विज्ञानाने खरोखर मोठी उडी मारली. जंतू वाढायची वाट न बघता त्याचा डीएनए शोधायचा, हे जीनएक्स्पर्ट यंत्राने शक्य केलं. २०१० च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. दोन तासांत टीबी आहे की नाही, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही, दोन्ही कळतं. पण त्याला अखंड वीज आणि गार खोली लागते. दोन्ही आपल्या किती प्राथमिक आरोग्य केंद्रांत असतं ते सांगायला नको. ती उणीव गोव्यातल्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅटने बरीच भरून काढली. बॅटरीवर चालणारं, टेबलाच्या कोपऱ्यावर मावणारं यंत्र, २०२० मध्ये जागतिक मान्यता मिळालेलं. बेडक्याच्या डबीपासून निकालापर्यंत पुरता पल्ला देशी यंत्राने गाठावा, ही गोष्ट आपण जेवढी सांगायला हवी तेवढी सांगत नाही.

तरीही गाडं अडतंच, पण ते यंत्राच्या आधी. २०१९ ते २१ या काळात देशभर टीबीचं सर्वेक्षण झालं. लक्षणं असलेल्यांपैकी जवळपास ६४ टक्के लोक कुठल्याच डॉक्टरकडे गेलेले नव्हते. ‘सिगारेटीचा खोकला आहे’, ‘हवा बदलली’, ‘रोजंदारी बुडेल’. आणि सापडलेल्या रुग्णांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जण असे, की छातीचा फोटो काढला नसता तर ते निसटले असते, कारण त्यांना सांगण्यासारखं लक्षणच नव्हतं. म्हणून आता वस्तीत हातात धरायची एक्स-रे यंत्रं नेतात आणि फोटो संगणक वाचतो. दोन आठवड्यांवर खोकला गेला की तपासा, ही सूचना बरोबरच आहे आणि सरकारी दवाखान्यात ती तपासणी फुकट होते. फक्त जो खोकतच नाही त्याच्यापर्यंत ती पोचत नाही.

हा जंतू फुप्फुसात शिरला की लगेच आजार होतो असंही नाही. शरीर त्याच्याभोवती पेशींचं कडं करून त्याला कोंडून ठेवतं. जगातल्या साधारण चौथा हिस्सा लोकांना कधी ना कधी ही लागण झालेली आहे आणि त्यांतल्या पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात केव्हातरी आजार होतो. केव्हातरी म्हणजे लागण झाल्यावर वर्ष-दोन वर्षांत, किंवा मधुमेह जडल्यावर, एचआयव्ही झाल्यावर, दारू-तंबाखूने शरीर खंगल्यावर, पोटाला पुरेसं न मिळाल्यावर. यांतल्या कोणाला होईल हे आधी नेमकं सांगणारी चाचणी आजही आपल्याकडे नाही.

एका औषधाने का भागत नाही

स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं पहिलं खरं औषध, १९४३ साली सापडलेलं. ब्रिटनमध्ये महायुद्धानंतर त्याचा तुटवडा होता, तेव्हा तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ते कोणाला द्यायचं हे आधीच आखलेल्या यादृच्छिक क्रमाने, म्हणजे कोणाच्याही मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखं, ठरवलं. १०७ रुग्ण, ५५ जणांना औषध, ५२ जणांना नुसती विश्रांती. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजच्या सगळ्या औषधचाचण्यांचा आद्य नमुना मानतात. सहा महिन्यांत औषध मिळालेल्यांपैकी चौघे गेले, न मिळालेल्यांपैकी चौदा. सगळीकडे जल्लोष. पण पाच वर्षांनी मोजणी केली तेव्हा दोन्ही गटांतल्या मृत्यूंत फारसं अंतर उरलं नव्हतं. औषध मिळालेल्या बहुतेकांच्या शरीरातले जंतू त्या औषधाला जुमानेनासे झाले होते.

असं का झालं, याचं गणित सोपं आहे. जंतू दुभंगताना अधूनमधून त्याच्या जनुकांत चूक होते आणि एखादी चूक योगायोगाने औषध निकामी करणारी निघते. आयसोनियाझिड या औषधाच्या बाबतीत अंदाजे दहा लाखांत एक जंतू असा निपजतो, रिफाम्पिसिनच्या बाबतीत दहा कोटींत एक. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असतात. म्हणजे एकटं आयसोनियाझिड दिलं तर शंभरेक जंतू वाचतात, बाकीचे मरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्या शंभरांची प्रजा वाढते. दोन्ही औषधं एकदम दिली, तर दोघांनाही पुरून उरणारा जंतू कोटी-कोटींत एखादा. तेवढे जंतू कुणाच्याच शरीरात नसतात. सुरुवातीला चार औषधांचा मारा का करतात ते यातून कळतं. आणि त्यातलं एकच औषध कोणी आठवडाभर खोकल्यासाठी म्हणून लिहून दिलं तर काय अनर्थ होतो, तेही.

पण मग सहा महिने कशाला? दोन-तीन आठवड्यांत खोकला कमी होतो, ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं. इथेच घोळ होतो. शेतात हरळी वरून खुरपली की रान स्वच्छ दिसतं, पण खाली काशा राहिल्या तर पहिल्या पावसात ती पुन्हा डोकं काढते, तसंच हे. बहुतेक प्रतिजैविकं जंतू वाढत असताना, दुभंगत असताना घाव घालतात. जो जंतू जवळजवळ निजलेलाच आहे, जो आज दुभंगणार नाही आणि उद्याही नाही, त्याच्यावर घाव घालायचा तर तो जागा होईपर्यंत औषध हजर ठेवावं लागतं. गोळ्यांचे शेवटचे चार महिने या निजलेल्यांसाठी असतात. रुग्णाला मात्र तोपर्यंत एकदम बरं वाटत असतं, गोळ्यांनी मळमळतं, लघवी नारिंगी होते, आणि कामावर रुजू व्हायचं असतं.

कोर्स अर्धवट सोडला म्हणून रुग्णाला बोल लावण्याची आपल्याकडे फार सवय आहे. ती बरोबर नाही. मुंबईतल्या धारावीत १९९१ मध्ये मुकुंद उपलेकर आणि सहकाऱ्याने शंभर खासगी डॉक्टरांना टीबीवर काय लिहून द्याल असं विचारलं. ऐंशी निरनिराळी उत्तरं आली. वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया यांनी तशीच पाहणी १०६ डॉक्टरांची केली, तर ६३ प्रकारच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि त्यांतल्या बरोबर होत्या फक्त सहा डॉक्टरांच्या. दोन्ही पाहण्यांच्या मधल्या काळात, १९९७ पासून, समोर बसवून गोळ्या देण्याचा सरकारी ‘डॉट्स’ कार्यक्रम सुरू झाला होता, २००६ पर्यंत तो देशभर पोचलाही होता. पण गरीब माणूस आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, कारण तिथे रांग नसते आणि संध्याकाळी दिवा लागलेला असतो.

मग २०११ च्या अखेरीस याच उदवाडियांनी हिंदुजा रुग्णालयातले चार रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारे. त्यांनी वापरलेलं ‘संपूर्ण प्रतिकारक्षम’ हे विशेषण सरकारने मान्य केलं नाही आणि तांत्रिकदृष्ट्या वाद घालायला जागाही होती. पण त्या वादावादीनंतर मुंबईच्या टीबी कार्यक्रमाला माणसं आणि पैसा मिळू लागला, हे लक्षात घेतलं तर डॉक्टरांनी घेतलेला वाईटपणा सत्कारणी लागला असंच म्हणावं लागेल. आणि सगळं बरोबर चाललेलं असताना गोळ्याच संपल्या तर? मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून कळवलं, की पुरवठ्याला विलंब होतोय, तेव्हा औषधं स्थानिक पातळीवर विकत घ्या. रुग्णाने एक दिवस चुकवला तर त्याला फोन जातो. खरेदीची फाइल अडली तर कोणाला फोन करायचा?

बहिरेपणाची किंमत

साध्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर कालपरवापर्यंत दीड ते दोन वर्षं उपचार चालत. त्यात कितीतरी महिने रोज कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं. ही इंजेक्शनं कानाच्या आतल्या नाजूक पेशी मारतात आणि त्या पेशी पुन्हा येत नाहीत. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेसन टीबीतून वाचल्या, पण ऐकू येणं गेलं. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या खायलित्शाच्या फुमेझा टिसिले यांचंही तेच झालं.

दरम्यान बेडाक्विलिन आलं. बेल्जियममधल्या यान्सेन कंपनीच्या प्रयोगशाळेत शोधलेलं, अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळालेलं; टीबीसाठी चाळीस वर्षांत आलेलं पहिलं नव्या जातीचं औषध. ते जंतूच्या ऊर्जानिर्मितीच्या यंत्रणेवर घाव घालतं. निजलेल्या जंतूलाही जिवंत राहायला थोडी तरी ऊर्जा लागतेच, तीच तोडली की निजल्या जागी तो मरतो. इतक्या वर्षांनी प्रथमच औषध जंतूच्या संथपणावर नेम धरून आलं होतं. भारतात २०१६ मध्ये ते सहा केंद्रांपुरतं, मोजक्याच रुग्णांना द्यायला सुरुवात झाली. जपून वापरलं नाही तर हेही औषध हातचं जाईल, अशी भीती होती. भीती खोटी नव्हती. बेडाक्विलिनला दाद न देणारे जंतू आता आफ्रिकेत आणि इतरत्रही दिसू लागले आहेत. पण राखून ठेवण्याच्या त्या काळात ज्यांना ते वेळेत मिळालं नाही, त्यांना या युक्तिवादाचा काय उपयोग?

पेटंटचं प्रकरण असं: मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. यान्सेनची मालक असलेल्या जॉन्सन अँड जॉन्सनने औषधाच्या एका क्षाररूपावर दुसरं पेटंट मागितलं होतं, ते मिळालं असतं तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. नंदिता आणि फुमेझा या दोघींनी २०१९ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयात त्याला हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जेनेरिक कंपन्यांची वाट मोकळी झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खुद्द मूळ कंपनीनेही जागतिक खरेदीचा दर निम्म्याहून खाली आणला. दोन कान गमावलेल्या बायकांनी हा लढा दिला, त्यातली एकही भारतीय कायद्याची वकील नव्हती. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात या दोघींचं नाव शास्त्रज्ञांच्या शेजारी लिहायला हवं.

बेडाक्विलिन, प्रेटोमानिड आणि लिनेझोलिड या तिघांची जोडणी दक्षिण आफ्रिकेत १०९ अत्यंत अवघड रुग्णांवर तपासली गेली आणि सहा महिन्यांच्या उपचारात ९० टक्के रुग्णांचा निकाल चांगला लागला. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन जोडून बनलेली नवी पद्धत सप्टेंबर २०२४ मध्ये भारतानेही स्वीकारली. इंजेक्शन नाही, दोन वर्षं नाहीत. लिनेझोलिडने हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. पण कान जात नाहीत.

दंडावरची खूण आणि चिंगलपेटचा धडा

आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर बीसीजीची खूण असते आणि म्हणून आपण टीबीपासून सुरक्षित आहोत अशी अनेकांची समजूत असते. कॅल्मेट आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ही लस तयार केली, १९२१ मध्ये ती पहिल्यांदा बाळाला दिली गेली. लहान मुलांना मेंदूच्या टीबीपासून ती चांगली वाचवते, त्यासाठी ती द्यायलाच हवी. पण मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीचं काय? ते बघायला १९६८ पासून तमिळनाडूतल्या चिंगलपेट जिल्ह्यात लाखो लोकांवर मोठी चाचणी झाली. पंधरा वर्षं पाठपुरावा केल्यावर उत्तर मिळालं: मोठ्यांना काहीच संरक्षण नाही. आणि रोग पसरवतात ते मुख्यतः मोठेच. म्हणजे शंभर वर्षांची ही लस मुलांचा जीव वाचवते, साखळी तोडत नाही.

नवी लस का निघत नाही? कोविडची निघाली की वर्षभरात! इथे पुन्हा जंतूचा वेग. कोविडच्या साथीत चाचणीतल्या लोकांना काही आठवड्यांतच लागण होत होती, त्यामुळे लस घेतलेले आणि न घेतलेले यांच्यातला फरक लगेच दिसला. टीबीत लागण झालेले हजारो लोक घेऊन बसलात तरी वर्षाला मूठभरच आजारी पडतात. एम७२ या लशीची चाचणी केनिया, झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेत साडेतीन हजारांवर प्रौढांवर झाली. तीन वर्षं थांबल्यावर लस दिलेल्या गटात १३ जणांना टीबी झाला, न दिलेल्या गटात २६ जणांना. संरक्षण निम्मं, बीसीजीनंतर इतकी आशा प्रथमच. पण हा सगळा डोलारा ३९ रुग्णांवर उभा आहे, त्यामुळे खात्री करायला वीस हजार लोकांची मोठी चाचणी हवी.

त्या चाचणीची कथा बोलकी आहे. पहिले निकाल २०१८ मध्ये आले. लस बनवणाऱ्या जीएसके कंपनीने २०२० मध्ये पुढच्या विकासाचे हक्क गेट्स यांच्या संशोधन संस्थेला दिले. २०२३ मध्ये गेट्स प्रतिष्ठान आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने मिळून ५५ कोटी डॉलर देऊ केले. पहिल्या माणसाला टोचायला मार्च २०२४ उजाडला. निम्मं संरक्षण देणारी लस हाताशी असताना मध्ये सहा वर्षं गेली. विज्ञान अडलं नव्हतं, पैसे कोण घालणार एवढंच ठरत नव्हतं. ज्यांना टीबी होतो त्यांच्याकडे महागडी लस घ्यायची ऐपत नसते, आणि आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असा कंपनीचा हिशेब. तो कंपनीच्या दृष्टीने चुकीचाही नाही. म्हणूनच हे काम बाजारावर सोडून चालत नाही.

मग सरकारांनी पैसे घालावेत ना? २०२३ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत देशोदेशींच्या नेत्यांनी मान्य केलं, की टीबीच्या संशोधनावर २०२७ पर्यंत वर्षाला ५ अब्ज डॉलर खर्च व्हावेत. त्या वर्षी प्रत्यक्षात झाले सुमारे १.२ अब्ज. त्यात सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि आफ्रिकेतल्या कित्येक दवाखान्यांत आणि चाचण्यांत एका रात्रीत काम थांबलं. चाचणी अशी मध्येच थांबवता येत नाही. ज्यांना औषध सुरू केलंय त्यांचं काय? भारताचा कार्यक्रम मुख्यतः स्वतःच्या पैशावर चालतो, त्यामुळे आपल्याला थेट धक्का कमी. पण पुढची औषधं आणि लशी ज्या चाचण्यांतून येणार, त्या तिकडच्याच.

भारताने २०२५ पर्यंत टीबी संपवायचं ठरवलं होतं. ते झालं नाही, होणारही नव्हतं. महिनोन्‌महिने निजून राहणाऱ्या जंतूला कॅलेंडर दाखवून उपयोग नाही. पण घोषणेची थट्टा करताना एक गोष्ट विसरू नये. २०१५ मध्ये लाखामागे २३७ नवे रुग्ण होत, २०२४ मध्ये १८७. ही २१ टक्क्यांची घट जगाच्या सरासरी घटीच्या दुपटीच्या आसपास आहे, आणि तीही मध्ये कोविडने कार्यक्रमाचं कंबरडं मोडलेलं असताना. २०२० मध्ये देशातल्या नोंदी २४ लाखांवरून एकदम १८ लाखांवर आल्या होत्या. ते सहा लाख रुग्ण बरे झाले नव्हते, सापडले नव्हते.

औषधाआधीचं औषध

मुंबईत गोवंडी-मानखुर्दकडे लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसनाच्या इमारती आहेत. इमारती एकमेकींना इतक्या खेटून, की खालच्या मजल्यांवर ऊन येत नाही आणि वारा फिरत नाही. तिथे झालेल्या पाहणीत खालच्या, अंधाऱ्या मजल्यांवर टीबी जास्त आढळला. सूर्यप्रकाश आणि खेळती हवा यांनी जंतू मरतात, पांगतात, हे जुनंच ज्ञान. झोपडीतून उचलून पक्क्या घरात आणलेल्या माणसाला त्या घरानेच टीबी द्यावा, यात क्षयरोग विभागाचा काय दोष? बांधकामाच्या परवानग्या वेगळ्याच कार्यालयातून निघतात.

आणि पोट. पूर्वी टीबी झाला की ऐपतदार माणूस पाचगणीला किंवा मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनेटोरियमला जायचा: हवा, विश्रांती, दूध, अंडी. १९५०च्या दशकात मद्रासमध्ये एक गाजलेला अभ्यास झाला. निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये चांगल्या आहारावर, निम्मे आपापल्या गरीब घरांत, गोळ्या दोघांना सारख्याच. दोन्हीकडचे सारखेच बरे झाले. १९५९ मधल्या या निष्कर्षाने जगभरची सॅनेटोरियमं बंद केली आणि लाखो गरिबांना घरबसल्या उपचार मिळाले, तो उपकार मोठाच. पण त्यातून नकळत दुसरा अर्थही काढला गेला, की टीबीत खाण्यापिण्याचं फारसं महत्त्व नाही. अभ्यासाने तसं म्हटलं नव्हतं. गोळ्या चालू असताना जंतू मरतात का, एवढंच तिथे तपासलं होतं. उपाशी माणसाला मुळात टीबी जास्त का होतो आणि झाल्यावर तो जास्त का मरतो, हा प्रश्न तिथे विचारलाच नव्हता.

तो प्रश्न नीट विचारला जायला साठ वर्षं लागली. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी २,८०० रुग्णांना दर महिन्याला दहा किलोंचं शिधापाकीट दिलं: तांदूळ, भाजलेल्या हरभऱ्याचा सत्तू, दूध पावडर, तेल, सोबत जीवनसत्त्वाच्या गोळ्या. शिवाय अर्ध्या घरांत रुग्णाच्या कुटुंबीयांनाही माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. हे कुटुंबीय आजारी नव्हते, फक्त एकाच छपराखाली राहत होते. २०२३ मध्ये निकाल आले. ज्या कुटुंबांना जादा धान्य मिळालं, त्यांच्यात टीबीचे नवे रुग्ण ३९ टक्के कमी निघाले. खोकल्यातून पसरणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीपुरतं बघितलं तर घट ४८ टक्के. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला. ५५ कोटी डॉलरची चाचणी ज्या लशीसाठी चालू आहे, तिचा आजवरचा आकडा आणि तांदूळ-डाळीचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघा. खर्च रुग्णामागे महिन्याला १३ डॉलर, कुटुंबीयामागे ४.

ही तुलना पुरती न्याय्य नाही, हे मान्य. लस एकदा टोचली की झालं, धान्य दर महिन्याला पोचवावं लागतं, आणि झारखंडमधली उपासमार प्रत्येक ठिकाणी नसते. ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांनाही टीबी होतोच. तरीही धोरणाच्या अंगाने बघितलं तर सरकारला पुढचं पाऊल सरळ दिसायला हवं होतं. काही अंशी दिसलंही: निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. कुटुंबीयांसाठी मात्र ‘निक्षय मित्र’ पुढे केले आहेत, म्हणजे कोणी आमदार, कंपनी, गणेश मंडळ किंवा भला माणूस शिधा देईल तर मिळेल. झारखंडच्या अभ्यासात टीबी ज्यांच्यात कमी झाला ते नेमके हेच लोक, आणि त्यांचं धान्य दात्यांच्या मर्जीवर आहे.